काळीज म्हणजे नेमके कुठे?

(सदर : एक शब्द. लिहिणारी : इयत्ता चौथीची विद्यार्थिनी)



आपल्या भित्तिपत्रकात 'एक शब्द' नावाचे सदर असते हे तुम्हाला माहीतच आहे. एकाने एक शब्द घ्यायचा, त्याचा अर्थ शोधायचा, गावात तो कोण कसा बोलतो ते विचारायचे आणि लिहून आणायचे. मागच्या वेळी 'रुमणं' हा औताचा शब्द होता. या वेळी माझा नंबर आला. गुरुजी म्हणाले, शरीराचा एखादा शब्द घे. मी 'काळीज' घेतला. गुरुजी म्हणाले, "सोपा घेतलास की." पण तो काही सोपा निघाला नाही. मला दोन वह्यांची पानं लागली आणि गुरुजींनापण कोश काढावा लागला.

हा शब्द मी का घेतला ते आधी सांगते.

मागच्या श्रावणात माझी आजी आजारी पडली. तिला जेवण जाईना. भाकरी बघितली की तोंड फिरवायची. सारखी एका हाताने कूस दाबून बसायची. माय म्हणाली, चला दवाखान्यात. मग माय, आजी आणि मी बसमध्ये बसून तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर चांगले होते, पण नवीन होते आणि आपल्या भागातले नव्हते. त्यांनी विचारलं, "आजी, काय होतंय तुम्हाला?"

आजी म्हणाली, "काळजात दुखायलंय सायेब."

डॉक्टर एकदम उठलेच. त्यांनी आजीला पलंगावर निजवलं. छातीवर, हातापायाला वायरी लावल्या. मशीनमधून एक लांब कागद आला, त्यावर डोंगरासारख्या रेघा होत्या. डॉक्टरांनी तो नीट बघितला आणि हसून म्हणाले, "आजी, काळीज एकदम चांगलं आहे तुमचं. काळजी करू नका." मग त्यांनी गॅसच्या गोळ्या दिल्या. आम्ही खूश होऊन घरी आलो. येताना आजीने मला केळी घेऊन दिली.

पण आजीला बरं वाटेना. आठ दिवसांनी सकाळी मी तिच्या डोळ्यांत बघितलं तर डोळे हळदीसारखे पिवळे. मी मायला हाक मारली. मायच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. त्या दिवशी बाबांनी कामावर जायचं सोडलं आणि आजीला दुसऱ्या, मोठ्या दवाखान्यात नेलं. मी पण हट्ट करून गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आजीला उताणं निजवलं आणि उजव्या बाजूला, बरगड्या संपतात तिथं, बोटांनी दाबलं. आजी "आय गं" करून ओरडली. बाई म्हणाल्या, "यकृताला सूज आहे. कावीळ झाली आहे."

बाबा म्हणाले, "पण मॅडम, ती तर काळजात दुखतंय म्हणत होती."

आजी पडल्या पडल्या म्हणाली, "मग मी दुसरं काय सांगायली होते? काळजाला सूज आली म्हनून काळीज दुखायलंय. तेच सांगितलं की मी."

डॉक्टरीणबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आजी बरोबर बोलत होत्या हो."

म्हणजे बघा, आजी खरं बोलली होती. पहिले डॉक्टरसुद्धा खरं बोलले होते, कारण तिचं हृदय चांगलंच होतं. दोघांचं खरं, तरी आठ दिवस गेले. कारण शब्द एक आणि जागा दोन. हे मला फार विचित्र वाटलं. शब्द बरोबर बोलून माणूस कसा चुकतो? म्हणून मी हा शब्द घेतला.

(आजी आता बरी आहे. दीड महिना लागला. मधे शेजारच्या काकू म्हणाल्या, अमक्या गावात कावीळ उतरवून देतात, हात धुतले की पिवळं पाणी निघतं. गुरुजी म्हणाले, चुन्याच्या निवळीने आंब्याच्या सालीचा रस लावलेले हात धुतले तर कुणाच्याही हाताचं पाणी पिवळं होतं, कावीळ असो की नसो. हे पुढच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही करून दाखवणार आहोत.)

आता शब्दाकडे येते.

पहिल्यांदा मी वर्गातच विचारलं. परिसर अभ्यासाचा तास झाल्यावर मी म्हणाले, डोळे मिटा आणि काळजावर हात ठेवा. जवळजवळ सगळ्यांनी छातीवर डाव्या बाजूला हात ठेवला. दोघांनी पोटावर ठेवला, तर बाकीचे त्यांना हसले. मग मी घरोघर म्हाताऱ्या माणसांना विचारलं. तिथं उलटं झालं. म्हातारी माणसं दोन दोन जागा दाखवतात. दुखण्याचं बोलताना बरगडीखाली हात नेतात आणि मायेचं बोलताना छातीवर. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना मी विचारलं, "आजोबा, काळीज नक्की कुठं असतं?" ते म्हणाले, "अगं, कामाप्रमाणं असतंय ते."

मग मी विचार केला, हे कुठं डोळ्यांनी बघायला मिळेल? रविवारी बाबांबरोबर मटणाच्या दुकानात गेले. (आपल्या वर्गात माळकरी घरातली मुलं आहेत. त्यांनी एवढा भाग सोडून पुढचं वाचावं.) दुकानातल्या चाचांना मी म्हणाले, "चाचा, काळीज दाखवा." त्यांनी लगेच एक मोठा, गुळगुळीत, काळपट तांबडा तुकडा उचलून दाखवला. मी म्हणाले, "हे धडधडतं का?" चाचा हसले. म्हणाले, "ये कलेजी है बेटा. धडकता वो तो दिल. वो अलग." मग त्यांनी बाजूचं एक छोटं, टणक, नळ्या असलेलं दाखवलं. ते हृदय. कलेजीला एक हिरवी पिशवी चिकटलेली असते, ती पित्ताची. चाचा ती फार जपून काढतात, फुटली तर सगळं मटण कडू होतं.

म्हणजे दुकानात 'काळीज' मागितलं तर यकृतच मिळतं. तिथं कुणाचीच चूक होत नाही. आपण सगळे दर रविवारी बरोबर अर्थ बोलतो आणि सोमवारी शाळेत येऊन छातीवर हात ठेवतो!

हे मी गुरुजींना सांगितलं तेव्हा त्यांनी कोश काढला. त्यातून आणि गुरुजींच्या बोलण्यातून मला कळलं ते असं. काळीज हा शब्द संस्कृतातल्या 'कालेय' या शब्दावरून आला आहे, आणि कालेय म्हणजे यकृत. यकृताचं आणखी एक जुनं नाव 'कालखंड' आहे. मला वाटलं होतं कालखंड म्हणजे इतिहासातला शिवकाळ वगैरे. पण इथं काल म्हणजे काळा आणि खंड म्हणजे तुकडा. काळा तुकडा! अमरकोश नावाचा फार जुना संस्कृत कोश आहे, त्यात कालखंड आणि यकृत ही एकाच अवयवाची नावं म्हणून शेजारी शेजारी दिली आहेत. चाचांनी दाखवला तो तुकडा काळपटच होता, त्यामुळे मला हे लगेच पटलं. म्हणजे काळीज हे आधी यकृत होतं. हृदय ते नंतर झालं.

आमचं गाव देगलूर तालुक्यात आहे. इथून तेलंगण जवळ आणि कर्नाटकपण जवळ. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीची माय तेलुगू बोलते. तिला विचारलं तर ती म्हणाली, तेलुगूत यकृताला 'कालेयम' म्हणतात आणि हृदयाला 'गुंडे'. गुंडे म्हटल्यावर सगळा वर्ग हसला. पण बघा, शेजारच्या भाषेत कालेयम आपल्या जागेवरच राहिलं. आपलं काळीज मात्र बरगडीखालून निघून छातीत जाऊन बसलं.

आता 'जिगर' घ्या. जिगर हा फारसी शब्द आहे. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा. त्यामुळे जुन्या माणसांच्या तोंडात असे पुष्कळ शब्द आहेत. आपण जिगर म्हणजे हिंमत समजतो. कबड्डीत कुणी एकटा तिघांना मारून आला की "काय जिगर आहे" म्हणतो. पण फारसीत जिगर म्हणजे यकृतच! आणि गुरुजी म्हणाले, जिगर आणि यकृत हे शब्द एकाच फार जुन्या मुळापासून निघाले आहेत, म्हणजे ते चुलत भाऊ आहेत. म्हणजे 'जिगरी दोस्त' म्हणजे यकृताचा मित्र. त्या दिवसापासून आमच्या वर्गातली दोन पोरं एकमेकांना "काय यकृत-मित्रा" म्हणायलीत.

फक्त आपणच असं करत नाही. इंडोनेशिया देशात यकृताला 'हाती' म्हणतात, आणि कुणाचं मन दुखलं तर तिकडची माणसं हाती दुखलं असंच म्हणतात. इतक्या लांबची माणसं, पण आमच्या गल्लीतल्या आजोबांसारखीच बोलतात.

आता या दोन अवयवांची थोडी माहिती देते, म्हणजे पुढचं समजेल. हृदय छातीत मध्यभागी, थोडं डावीकडं झुकलेलं असतं. ते आपल्या मुठीएवढं असतं. मोठ्या माणसाचं हृदय सुमारे ३०० ग्रॅम भरतं. ते मिनिटाला साधारण ७२ वेळा ठोके देतं. मी गुणाकार केला. ७२ गुणिले ६० गुणिले २४, उत्तर आलं १,०३,६८०. म्हणजे एका दिवसात लाखावर ठोके, एक पण सुट्टी नाही. यकृत उजव्या बाजूला बरगड्यांच्या आड असतं. मोठ्या माणसाचं यकृत सुमारे दीड किलोचं असतं. पोटातला तो सर्वांत मोठा अवयव आहे. हृदयाच्या पाचपट! ते ठोके देत नाही, आवाज करत नाही. पित्त तयार करतं, साखर साठवून ठेवतं, रक्तातले विषारी पदार्थ बाजूला काढतं. ते बिघडलं की डोळे पिवळे होतात. आपल्याकडं दूषित पाण्यातून कावीळ होते, म्हणून पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की उकळून प्यायचं, असं आशाताई सांगून गेल्या आहेत. आता आमच्या घरी पातेलंभर पाणी रोज उकळतं. एक कावीळ रक्तातूनही होते, तिची लस बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत देतात.

इतकं सगळं काम यकृत करतं, पण गाणी हृदयाची. मला यकृताचं वाईट वाटलं.

आता उपयोग. 'काळीज' शब्दाचे वाक्प्रचार मी गोळा केले. आजी, माय, गुरुजी आणि गल्लीतली माणसं यांच्याकडून मिळाले. मी ते कुठल्या अवयवाचे आहेत ते ओळखायचा प्रयत्न केला आहे. माझं चुकत असेल तर सांगा.

'काळजाचा ठोका चुकला.' हा सोपा आहे. यकृताला ठोका नाही, म्हणून हा हृदयाचाच. मागच्या उन्हाळ्यात आमचं वासरू विहिरीच्या काठावर गेलं होतं तेव्हा बाबांच्या काळजाचा ठोका चुकला. 'काळजात धस्स झालं' हा पण हृदयाचाच, कारण घाबरलं की छातीतच धस्स होतं. मी स्वतः बघितलं आहे, तपासणीला साहेब आले तेव्हा.

'काळजाचं पाणी पाणी झालं' हा कुणाचा ते मला ठरवता आलं नाही. हा वाक्प्रचार आजी एका गोष्टीसाठी बोलते. आजीचं माहेर लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात, किल्लारीच्या बाजूला. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथं भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून गाढ झोपलेली. दगडमातीची जाड भिंतींची घरं झोपेतच अंगावर आली. हजारो माणसं गेली. आजी तेव्हा इथं सासरी होती. इथंसुद्धा भांडी वाजली म्हणे. सकाळी रेडिओवर गावाचं नाव ऐकलं आणि, आजी म्हणते, "काळजाचं पाणी पाणी झालं बघ." तिचा भाऊ वाचला, तो त्या रात्री शेतात जागलीला होता. हे सांगताना आजीचा हात कुठं जातो ते मी या वेळी मुद्दाम बघितलं. तो ना छातीवर गेला ना बरगडीखाली. तिने पदर तोंडाला लावला. म्हणून मी वहीत तिथं काहीच लिहिलं नाही.

'दगडाचं काळीज', 'वाघाचं काळीज', 'उलट्या काळजाचा' हे माणसाच्या स्वभावाचे आहेत. उलट्या काळजाचा म्हणजे फार दुष्ट. 'काळजाला घरं पडणे' म्हणजे कुणाच्या बोलण्याने फार दुःख होणे. हा शब्द माय वापरते, कोणाविषयी ते इथं लिहू नको म्हणाली.

आम्ही वर्गात एक खेळ केला. प्रत्येक वाक्प्रचारात काळीज काढून यकृत घालायचं. "यकृताचा ठोका चुकला." "वाघाचं यकृत." "यकृतावर दगड ठेवून लेकीला सासरी पाठवलं." हसून हसून पोट दुखलं. मग हृदय घालून बघितलं. ते बरं वाटतं, पण पुस्तकातलं वाटतं, आपलं वाटत नाही. आणि एक उलटी गंमत. आपण 'हृदयविकाराचा झटका' म्हणतो किंवा सरळ 'अटॅक आला' म्हणतो. 'काळजाचा झटका' कुणी म्हणत नाही. म्हणजे मोठा आजार आला की काळीज मागं सरतं आणि हृदय पुढं येतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचा वाक्प्रचार. 'काळजाचा तुकडा.'

आया आपल्या लेकराला काळजाचा तुकडा म्हणतात. हा मी आधी हृदयात लिहिला होता. पण गुरुजींनी त्यावर लाल पेनने प्रश्नचिन्ह काढलं आणि विचारलं, "हृदयाचा तुकडा काढून कुणाला देता येईल का?" नाही येणार. माणूस मरून जाईल. पण यकृताचा तुकडा देता येतो! हे मला माहीत नव्हतं. यकृत हा असा अवयव आहे की त्याचा काही भाग कापून काढला तरी उरलेला भाग काही महिन्यांत वाढून जवळजवळ पहिल्याएवढा होतो. म्हणून ज्याचं यकृत पार निकामी झालं त्याला घरचा जिवंत माणूस आपल्या यकृताचा तुकडा देऊ शकतो. डॉक्टर तो शस्त्रक्रिया करून बसवतात. देणाऱ्याचं परत वाढतं आणि घेणाऱ्याचं पण वाढतं.

१९९८ साली दिल्लीत अशी शस्त्रक्रिया झाली. लहान मुलावर यशस्वी झालेली ती भारतातली पहिली. दोन वर्षांचा पण नसलेला तो मुलगा तमिळनाडूचा होता. त्याचं यकृत जन्मापासून बिघडलेलं होतं. त्याच्या वडिलांनी आपल्या यकृताचा तुकडा त्याला दिला. तो मुलगा जगला, मोठा झाला आणि स्वतः डॉक्टर झाला.

हे मी घरी येऊन मोठ्याने वाचून दाखवलं. माय भाकरी थापत होती, ती थांबली. बाबा म्हणाले, "म्हंजे जुन्या लोकांनी उगं नाही म्हटलं काळजाचा तुकडा." मी म्हणाले, जुन्या लोकांना शस्त्रक्रिया कुठं माहीत होती? बाबा म्हणाले, "शस्त्रक्रिया नसंल माहीत, पण द्यायचं माहीत होतं." मी हे वाक्य तसंच लिहून घेतलं.

म्हणून 'काळजाचा तुकडा' मी वहीत हृदयाच्या रकान्यातून खोडून यकृताच्या रकान्यात लिहिला. त्याच्या पुढं दोन रेघा मारल्या.

एक गोष्टीतला प्रश्न राहिला. माकड आणि मगर ही पंचतंत्रातली गोष्ट सगळ्यांना येते. मगरीच्या बायकोला माकडाचं काळीज खायचं असतं. माकड पाठीवर बसून नदीच्या मधे येतं आणि म्हणतं, काळीज तर झाडावर ठेवून आलो. मी गुरुजींना विचारलं, ते काळीज कुठलं? गुरुजी म्हणाले, संस्कृत गोष्टीत 'हृदय' असा शब्द आहे. पण हीच गोष्ट दुसऱ्या देशांतही सांगतात. जपानात माकडच आहे, पण त्याचं यकृत हवं असतं. कोरियात माकड नाही, ससा आहे. समुद्राचा राजा आजारी पडतो, त्याला सशाचं यकृत औषधाला पाहिजे असतं. कासव सशाला फसवून घेऊन येतं. ससा म्हणतो, मी यकृत घरीच ठेवून आलो, चला घेऊन येऊ. म्हणजे एका देशात हृदय, दुसऱ्या देशात यकृत. आपल्या मराठीत गोष्ट सांगताना 'काळीज' म्हटलं की दोन्ही येतात. भांडणच नाही.

व्याकरणाचं थोडं सांगते, कारण यात माझे दोन मार्क गेले आहेत. काळीज हा शब्द नपुंसकलिंगी आहे. ते काळीज, ती काळजे. विभक्तीचा प्रत्यय लागला की त्यातल्या 'ळी'चा 'ळ' होतो. काळीज-ला नाही, 'काळिजाला' पण नाही, 'काळजाला' लिहायचं. काळजात, काळजाचा, काळजाने. आणि 'काळजी' हा वेगळा शब्द आहे, त्याचं काळजीला, काळजीने होतं. मी सहामाहीत निबंधात लिहिलं होतं, "माझी आई मला काळजाने वाढवते." तिथं 'काळजीने' पाहिजे होतं. गुरुजींनी एक मार्क कापला. पण खाली लिहिलं, "चूक आहे, पण चांगली चूक आहे." कारण काळजी हा शब्द काळीज या शब्दावरूनच झाला आहे. काळजाला लागून राहते ती काळजी. म्हणजे पहिल्या डॉक्टरांनी आजीला सांगितलं होतं ना, काळीज चांगलं आहे, काळजी करू नका, त्या एका बोलण्यात हा शब्द दोनदा होता आणि दोन्ही वेळा आजीचं खरं काळीज बाजूलाच राहिलं.

आजीला मी हे सगळं वाचून दाखवलं. तिला जिगर आणि इंडोनेशिया आवडलं नाही, मगर आवडली. मी तिला म्हणाले, "आजी, पुढच्या वेळी डॉक्टरला यकृत म्हणायचं." ती म्हणाली, "यक्... काय ते? मला न्हाई येत." तीनदा म्हणून बघितलं, तिन्ही वेळा वेगळं आलं. मग आमचं असं ठरलं की शब्द तिचाच ठेवायचा, पण बोट लावून सांगायचं. परवा ती तपासणीला गेली. मी दारात उभी होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आता कसं आहे आजी?" आजीने उजव्या बरगडीखाली बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे काळीज बरं हाय." मग छातीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे बी बरं हाय." बाई इतक्या हसल्या की बाहेरचे पेशंट आत डोकावले.

या पानाच्या खाली मी माणसाचं चित्र काढून चिकटवलं आहे. रंग भरलेला नाही, आतला एकही अवयव दाखवलेला नाही. बाजूला दोऱ्याने पेन्सिल बांधली आहे. पालकांनी आणि विशेष करून आजी-आजोबांनी काळीज जिथं वाटतं तिथं एक बारीक टिंब करावं. नाव लिहू नये. ज्यांना दोन ठिकाणी वाटतं त्यांनी दोन करावीत. शनिवारी मी टिंबं मोजणार आहे. पेन्सिल मात्र नेऊ नये, ती गुरुजींची आहे.